रॅमच्या स्टिक आलटून-पालटून लावाव्यात की आहे तिथेच राहू द्याव्यात?

गाडीचे टायर पुढचे मागे करतात ना, तसं दर काही महिन्यांनी कॉम्प्युटरमधल्या रॅमच्या (तात्पुरत्या मेमरीच्या) स्टिकची अदलाबदल करणारी मंडळी आहेत. दोन-तीन वर्षं मीही त्यांच्यातलाच होतो. धूळ काढायला कॅबिनेट उघडलंच आहे, तर हेही करून टाकू, असं.

टायर चाकाच्या जागेप्रमाणे कमी-जास्त झिजतो. रॅम वापरून तशी झिजत नाही. स्टिक कुठल्याही स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत असो, तिच्यातल्या मेमरीच्या प्रत्येक ओळीला साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा रिफ्रेश, म्हणजे नव्याने चार्ज मिळतोच. झिजतो तो स्लॉट, आणि तोही काढघालीने. डीडीआर४ (रॅमची एक पिढी) च्या अनेक स्लॉटच्या माहितीपत्रकात २५ काढघालींचीच ग्वाही असते. सव्विसाव्या वेळी काही तुटून पडत नाही म्हणा, पण झीज वाचवायला निघालेला माणूस झीजच वाढवत असतो.

अदलाबदल करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. आमच्या रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत पावसाळ्यानंतर मशीन कधी कधी उठत नाही. स्टिक काढायची, सोनेरी पट्टीवरून खोडरबर हलकेच फिरवायचा, परत दाबायची, की सुरू. पण हा गुण काढून बसवल्याचा, जागा बदलल्याचा नव्हे. अदलाबदल खरी उपयोगी पडते ती दोष शोधताना. मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये दिसलेली चूक स्टिकबरोबर दुसरीकडे गेली तर स्टिक खराब, तिथेच राहिली तर बहुधा स्लॉट.

माझं मत फिरलं ते मात्र एका फॅनमुळे. प्रोसेसरचा कूलर मोठा, त्याचा फॅन स्लॉटवर झुकलेला. स्टिक काढायची तर आधी फॅन उतरवा, त्याची तारेची क्लिप बोटातून निसटणार हे ठरलेलं. शेवटच्या खेपेला स्टिक एका टोकाला नीट बसलीच नाही. खालच्या बाजूला खटका नाही, ते टोक ग्राफिक्स कार्डाआड. काळा पडदा, बोर्डावर ‘डीरॅम’चा पिवळा दिवा. पुन्हा सगळं उतरवलं, अखेर चालू झालं. त्या गडबडीत बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, सोडून दिलं होतं. ३२०० वेगाची रॅम २४०० वर धावत होती आणि मला दोन आठवडे पत्ताच नाही. उगाच ब्राउझरला शिव्या देत बसलो.

तेव्हापासून हात लावलेला नाही, मशीन बिनतक्रार चालू आहे. एका मशीनवरून नियम काढू नये, हे मान्य.

कूलर आखूड असेल, स्लॉट मोकळे दिसत असतील, तर हौसेने करा. फक्त दोनच स्टिक असतील तर सहसा दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्येच आपसांत बदला. शेजारी-शेजारी लावल्यात तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी दोन वाटांनी वापरण्याची सोय, जाऊ शकते. आणि कॅबिनेट बंद करण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड बघून घ्या.