वेबटून अ‍ॅप: मेट्रोत वाचायला एकदम बेस्ट

दोन महिन्यांपासून वेबटूनवर कॉमिक वाचून राहिलो, खापरी ते सीताबर्डी रोजचा मेट्रोचा प्रवास, त्यात दोन एपिसोड आरामात होतात. हे मोबाईलसाठीच काढलेलं असते ना, पान उलटवायचं नाही, झूम करायचं नाही, फक्त अंगठ्याने खाली सरकवत जायचं. आणि चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागेची खरी कमाल आहे, कालच एका भुताच्या गोष्टीत दार उघडते अन् मग नुसता काळा स्क्रीन, सरकवतोय सरकवतोय, आणि एकदम खाली एक हात! मी जागेवरच दचकलो.

मूळचं कोरियाचं, तिकडे २००४ पासून, इंग्रजीत २०१४ ला आलं. अ‍ॅपच्या कॅनव्हास नावाच्या भागात कोणीही स्वतःचं कॉमिक टाकू शकते, माझी बहीण तयारी करून राहिली. बरंचसं फुकट आहे, पुढचे एपिसोड आधी पाहिजे तर अ‍ॅपमधले कॉइन विकत घ्यावे लागतात, मी थांबतो.

एकच विनंती, आवडलं तर लिंक पाठवा बाप्पा, स्क्रीनशॉट नको. आमच्या एका ग्रुपवर चित्रकाराचं नाव कापून फिरवतात, फार वाईट वाटते, त्या माणसाने रात्र रात्र जागून काढलेलं असते ते.