रेड कार्डनंतरचा सोमवार: कबुली द्यावी की लढावं?

आंतरराष्ट्रीय रग्बीत खेळाडूला रेड कार्ड मिळालं, म्हणजे मैदानाबाहेर काढलं, की संघव्यवस्थापकाचं खरं काम सामना संपल्यावर सुरू होतं. पुढच्या काही दिवसांत तीन सदस्यांच्या स्वतंत्र समितीपुढे सुनावणी असते, बहुतेकदा व्हिडिओ कॉलवर. निकाल लागेपर्यंत खेळाडू बाहेरच. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवायची असतात: खेळाडूने केलं ते नियमबाह्य होतं, हे मान्य आहे का? आणि ते रेड कार्डाच्या लायकीचं होतं, हे मान्य आहे का? दोन्हींना ‘हो’ म्हटलं की ती पूर्ण कबुली. पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हटलं की अर्धी लढाई. दोन्हींना ‘नाही’ म्हणणारेही असतात, पण टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेतलेल्याला पकडून पाडताना, डोक्याला खांदा लागलेला सगळ्या जगाने पाहिला असेल, तर त्या वाटेला न गेलेलंच बरं.

आधी हिशोब पाहू. धोकादायक टॅकलमध्ये डोक्याशी संपर्क आला, तर शिक्षा किमान मधल्या पातळीपासून मोजायला सुरुवात होते, म्हणजे ६ सामने. कबुली, माफी, स्वच्छ पूर्वेतिहास आणि सुनावणीतली वागणूक बघून समिती यातून जास्तीत जास्त निम्मी सूट देते. उरले ३. वर या खेळाची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड रग्बीचा टॅकल सुधारण्याचा कोर्स आहे, ज्याला सगळे ‘टॅकल स्कूल’ म्हणतात. तो पूर्ण केला की शेवटचा सामना माफ होतो, पण ही सवलत एकदाच. म्हणजे ६ चे २.

आता इंग्लंडचा ऑगस्ट २०२३ बघा. विश्वचषक तोंडावर आलेला, आणि एका आठवड्याच्या अंतराने दोन मोठे खेळाडू सारख्याच गुन्ह्यात अडकले. १२ ऑगस्टला ट्विकनमला वेल्सविरुद्ध कर्णधार ओवेन फॅरेलचा खांदा टेन बॅशमच्या डोक्याला लागला. १९ तारखेला डब्लिनला आयर्लंडविरुद्ध बिली वुनिपोलाचा खांदा अँड्र्यू पोर्टरला लागला. दोघांनाही आधी यलो कार्ड, म्हणजे तात्पुरतं बाहेर बसणं, मिळालं आणि मैदानाबाहेरच्या ‘बंकर’ नावाच्या व्हिडिओ कक्षातल्या पंचाने रिप्ले बघून ते रेड केलं.

वुनिपोलाने कबूल केलं. ६ चे ३ झाले, टॅकल स्कूलने २. फिजीविरुद्धचा सराव सामना आणि अर्जेंटिनाविरुद्धची विश्वचषकाची सलामी हुकली. जपानविरुद्ध तो निवडीला मोकळा. पुढे इंग्लंडच्याच टॉम करीच्या बाबतीत हेच झालं. अर्जेंटिनाविरुद्ध मार्सेयला तिसऱ्याच मिनिटाला तो बाहेर गेला, बंदी शेवटी २ सामन्यांची ठरली, आणि जपान व चिली हुकल्यावर तो परतला.

फॅरेलने अर्धी लढाई निवडली. चूक झाली, पण रेड कार्डाइतकी नाही, हा त्याचा बचाव. त्याच क्षणी सहकारी जेमी जॉर्जही बॅशमला भिडला होता, त्यामुळे बॅशमची दिशा अचानक बदलली, असं पहिल्या समितीने मानलं आणि रेड कार्ड रद्द केलं. बाकी रग्बीविश्वाने कपाळावर हात मारला. दोनच दिवसांत वर्ल्ड रग्बीने अपील केलं. अपील समितीने नेमकं बोट ठेवलं ते फॅरेलच्या हातावर: टॅकल करताना त्याने समोरच्याला हाताने कवेत घ्यायचा प्रयत्नच केला नव्हता, आणि पहिल्या निकालात या मुद्द्याचा उल्लेखही नव्हता. रेड कार्ड पुन्हा लागू, बंदी ४ सामन्यांची. आयर्लंडविरुद्ध तो बाहेर बसला होता तो सामना त्यात धरला, पण फिजी, अर्जेंटिना आणि जपान हुकलेच.

वरवर पाहिलं तर धडा सोपा वाटतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. मला मात्र हा हिशोब उलटा दिसतो. फॅरेलने पहिल्या दिवशी पूर्ण कबुली दिली असती तर काय मिळालं असतं? उंच टॅकलबद्दल तो आधीही बंदी भोगून आलेला, म्हणजे निम्मी सूट अवघडच. टॅकल स्कूल त्याने त्याच वर्षीच्या जानेवारीत वापरून टाकलेलं. माझ्या मते कबुलीनंतरही आकडा ४ च्या आसपासच राहिला असता. शिवाय चूक झाली हे त्याने सुरुवातीपासून मान्य केलं होतं, त्यामुळे अपिलात ६ चे ४ करताना ती बाजू त्याच्या कामी आली. लढून त्याचं सामन्यांत फारसं काही गेलं नाही. गेलं ते संघाचं स्वास्थ्य: दहा दिवस कर्णधार आहे की नाही हेच कोणाला कळेना.

म्हणून माझा कौल असा: ज्याचा पूर्वेतिहास स्वच्छ, त्याच्या कबुलीला बाजारात पूर्ण भाव आहे, त्याने तो घ्यावा. ज्याचं पान आधीच डागाळलेलं, त्याला कबुलीतून थोडंच मिळतं. त्याने रेड कार्डाची पातळी गाठली का, या एका मुद्द्यावर लढून पाहायला हरकत नाही.

स्वच्छ खेळाडूने लढावं असे प्रसंगही असतात, पण त्यांची जात वेगळी. मार्च २०२३ मध्ये डब्लिनला आयर्लंडचा ह्यूगो कीनन चेंडूसाठी वाकला आणि इंग्लंडचा फ्रेडी स्टुअर्ड त्याच्यावर आदळला. समितीने स्टुअर्डचं रेड कार्ड काढून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिकागोला न्यूझीलंडच्या बोडन बॅरेटशी झालेल्या धडकेनंतर टाइग बर्नचं रेड कार्डही रद्द झालं आणि आयर्लंडला तो पुढच्या सामन्यासाठी मिळाला. त्याच महिन्यातलं दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण तर शेजारी शेजारी मांडावं असं आहे. पॅरिसला टोमा रामोसवरच्या टॅकलसाठी लूड डी यागरला रेड कार्ड, ४ सामने बंदी. आठवड्याने तुरिनला इटलीविरुद्ध फ्रँको मॉस्टर्टला रेड कार्ड, ते समितीने रद्द केलं. संघ एक, दोघेही लॉक या एकाच जागेवर खेळणारे, निकाल दोन टोकांचे. तेव्हा ‘गेल्या आठवड्यात त्याला सोडलं’ हा युक्तिवाद घेऊन जाऊ नका. पंचाचा निर्णय चुकला हे दाखवायची जबाबदारी खेळाडूवर असते, आणि ते त्याच प्रसंगाच्या चित्रफितीतून दाखवावं लागतं.

तिसरी वाट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: गुन्हा मान्य, शिक्षेचं माप अमान्य. २०२५ च्या महिला विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सच्या अ‍ॅक्सेल बेर्तूमियूने आयर्लंडच्या ईफा वेफरला चावा घेतला. १२ सामने बंदी झाली. अपिलात ती ९ वर आली. उपांत्य सामना हुकायचा तो हुकलाच, पण ३ सामने वाचले.

कॅलेंडर विसरू नका. बंदी सामन्यांत मोजली जाते, आणि खेळाडू खरोखर खेळला असता असेच सामने धरले जातात. नामिबियाच्या योहान डेसेलने २०२३ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या आंत्वान द्यूपाँला टॅकल केलं तेव्हा नामिबियाचा एकच सामना उरला होता, त्यामुळे बंदी कितीही असती तरी त्याचा विश्वचषक तिथेच संपणार होता. गालाचं हाड मोडलेला द्यूपाँ शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांच्या आत उपांत्यपूर्व सामना खेळला. मार खाणारा मारणाऱ्याच्या आधी परतला, हे या खेळात क्वचित घडतं. डोक्याला मार बसलेल्यांना तर सरावाच्या खालच्या पायरीपासून एकेक टप्पा चढत परतावं लागतं, तिथे वाद घालायला समितीही नसते.

आता अनेक आंतरराष्ट्रीय सामन्यांत २० मिनिटांचं रेड कार्ड आलंय: दोषी खेळाडू परत येत नाही, पण २० मिनिटांनी बदली खेळाडू उतरतो. सामन्यातली किंमत कमी झाली, सुनावणी मात्र तशीच राहिली. उलट आता खरी शिक्षा सुनावणीतच ठरते, त्यामुळे सोमवारी काय लिहून द्यायचं याला आणखी वजन आलंय.

मुंबई-पुण्यातल्या क्लबांत हे काम बघणाऱ्यांसाठी एक फरक. बर्न किंवा मॉस्टर्टच्या प्रसंगाच्या चित्रफिती अनेक कोनांतून उपलब्ध होत्या. तुमच्याकडे टचलाइनवरच्या कोणाच्या तरी मोबाइलमधला एकच व्हिडिओ असेल, तोही नेमक्या क्षणी हललेला. समोर पंचाचा लेखी अहवाल असताना तेवढ्यावर लढायला जाऊ नका. पूर्ण कबुली द्या, आणि ती पहिल्याच उत्तरात द्या.