पत्रिकेचे ३,५०८ वाचवायला गेले आणि १३,२८४ घालवून बसले

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, आमच्या घरातले सगळे हसून झालेत. मी बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या बिलातल्या चुका काढायचा पगार घेते, आणि मलाच एका खोट्या बिलावर गंडवलंय. तेही स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिकेवरून.

लग्न फेब्रुवारीत. हॉल, आचारी, मांडव, भटजी असे आकडे पप्पा वहीत लिहीत होते आणि प्रत्येक आकड्याला चष्मा काढून पुसत होते, तेव्हाच मी म्हणाले की पत्रिकेचं माझ्यावर सोडा. गणपत गल्ली, खडेबाजार फिरून आले, जरा बरी दिसणारी पत्रिका छपाई आणि पाकिटासकट २८ रुपयाला एक. ४०० पत्रिका म्हणजे ११,२००. जी वस्तू लोक तारीख बघून फ्रीजवर ठेवतात आणि नंतर रद्दीत घालतात तिला अकरा हजार, माझं मन काय तयार होईना.

मग डिझाइन मीच केलं, कॅनव्हावर, तीन रात्री जागून. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण पप्पांच्या कारखान्यातली निम्मी माणसं कन्नड बोलणारी. मराठी बाजू पहिल्यांदा हिंदी वळणाच्या फॉन्टात आली, ल आणि श भलतेच दिसायला लागले, पप्पा म्हणाले हे काय यूपीतलं लग्न आहे काय, मग टिरो देवनागरी मराठी लावला तेव्हा कुठे ती पत्रिका घरची वाटायला लागली. साइज ५.५ बाय ८.५ इंच, म्हणजे १२ बाय १८ च्या एका शीटात चार पत्रिका बसतात, १०० शीटात ४००. प्रेसवाले अण्णा म्हणाले कागद तुम्ही आणा, दोन्ही बाजू छापून कापून शीटला २५ देतो. म्हणजे छपाई २,५०० ला झाली की नाही? हे एवढं सगळं मी बरोबर केलंय, हे जरा लक्षात ठेवा.

आता राहिला कागद. मोबाईलवर एक पेज दिसलं, शिवकाशीचे होलसेलर म्हणे. शिवकाशी म्हटलं की आपल्याला फटाके, कॅलेंडर आणि छपाई, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. जाड क्रीम रंगाचा खरखरीत कागद, ४०० पाकिटं, सोनेरी गणपतीचे स्टिकर, लाल दोऱ्याचे गोंडे, सगळं मिळून ११ रुपये सेट. ४,४०० आणि वर १८ टक्के जीएसटी ७९२, झाले ५,१९२. छपाई धरून ७,६९२, म्हणजे दुकानापेक्षा ३,५०८ कमी. आधी निम्मे २,५९६ पाठवले. मग त्याने पॅकिंगचा व्हिडिओ पाठवला, खोक्यावर स्केच पेनने माझं नाव आणि बेळगाव, मग उरलेले २,५९६ पण पाठवले. खोक्यावर नाव लिहायला काय लागतं हो, एक पेन लागतं. पण तेव्हा ते नाव बघून मला भरून आलेलं, खोटं कशाला सांगू.

आणि आता ते, ज्याच्यासाठी माझं मलाच तोंडात मारून घ्यावं वाटतंय. त्याने बिल पाठवलं होतं. पैसे पाठवायच्या आधी. दुपारी साडेचारला, ऑफिसात, चहाचा कप हातात, टेबलावर कोइमतूरच्या एका पार्टीचं बिल उघडं पडलेलं, त्याचा जीएसटी नंबर ३३ ने सुरू होत होता कारण तमिळनाडूचा कोड ३३. आपला कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि मोबाईलमध्ये शिवकाशीचा पत्ता घातलेलं बिल, नंबर ०७ ने सुरू. ०७ म्हणजे दिल्ली. वर त्यात टॅक्स नऊ आणि नऊ असा सीजीएसटी, एसजीएसटीत फोडलेला, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकल्यासारखा, आणि तमिळनाडूतून कर्नाटकात माल येणार असेल तर आयजीएसटी लागतो, हे मी आमच्या ऑफिसच्या नवीन पोराला त्याच आठवड्यात ओरडून सांगितलेलं. मी ते बिल बघितलं, बेरीज तपासली, ५,१९२ बरोबर आहे म्हणाले आणि चहा प्यायले. बेरीज! चोराच्या बिलाची बेरीज बरोबर आली म्हणून मी खूश झालेली बाई आहे. पैसे पाठवताना पण वर कंपनीचं नाव नाही, कुठल्यातरी माणसाचं नाव आलं, तेव्हा वाटलं मालक असेल. तुम्ही तेवढं करू नका, यूपीआयवर जे नाव येतं तेच खरं, बिलावर काय वाट्टेल ते छापता येतं.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. माल ट्रान्सपोर्टात अडकलाय, १,४५० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. भरले. आठ दिवस काही नाही. इकडे आई रोज विचारालीय पत्रिका कुठे, देवाला पहिली पत्रिका कधी ठेवायची. मी चिडून ऑर्डर कॅन्सल म्हणाले, तर तो इतका गोड बोलला की काय सांगू, मॅडम सॉरी, पूर्ण ६,६४२ रिफंड करतो, क्यूआर स्कॅन करा.

केला. पिन पण घातला.

पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मीच आत्तीला दोनदा शिकवलंय. पण रात्रीचे साडेनऊ, गॅसवर दूध, आई हाका मारालीय, तो फोनवर घाई करालाय की लिंक दोन मिनिटांत बंद होणार, आणि स्क्रीनवर आकडा बरोबर माझाच, ६,६४२. आकडा ओळखीचा दिसला की माणूस वरचं 'पे' वाचत नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. बरं, कारण म्हणूनच सांगतेय. अजून ६,६४२ गेले, एकूण १३,२८४, आणि दूध पण उतू गेलं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला, ही माझी चूक, कारण रात्रभर मी घरात कोणाला सांगितलंच नाही. लाजेपोटी जे तास जातात तेवढ्यात तिकडे पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात. तिथं तक्रार नीट घेतली, नंबर दिला. आणि मग सुरू झाली वरात. सायबरवाल्यांकडे गेले तर रक्कम लहान आहे, तुमच्या एरियाच्या स्टेशनला जा. एरियाच्या स्टेशनला, हे सायबरचं आहे, तिकडे जा. मग पार्टी तमिळनाडूची, की दिल्लीची, आमची हद्द नाही. मी म्हणाले सार, नवीन कायद्यात हद्द नसली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, तर साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काय मीच चोरी करून आलेय. तक्रार मराठीत लिहिलेली, ती कन्नडात लिहून आणा. शेजारच्या अक्कांकडून कन्नडात लिहून नेली, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी नाळे बर्री. तिसऱ्या दिवशी पण. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिथं माझ्या १३,२८४ ची काय कथा. तरी बरं, कर्नाटकातल्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, नाहीतर ह्या हेलपाट्यांत अजून पाचशे गेले असते. बँकेतली बाई तर कॉम्प्युटरवरून मान पण वर न करता म्हणाली, पिन तुम्हीच घातलाय ना, मग आम्ही काय करणार. लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर रजेवर. पोचपावती मागितली तर शिक्का ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली मॅनेजरकडे. शिक्क्याला कुलूप लावतात हो हे लोक, आमच्या पैशाला नाही. ते काही म्हणोत, पोचपावती घेतल्याशिवाय जागचं उठू नका, तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं आणि तिथं तोच कागद लागतो.

महिन्याने कळलं की समोरच्या खात्यात ४१२ रुपये होल्ड झालेत. आणि ते सोडवायला कोर्टाचा ऑर्डर आणा म्हणाले. ४१२ ला.

शेवटी अण्णांकडचाच साधा आर्ट कार्ड घेतला, कागद आणि दोन्ही बाजू छपाई मिळून शीटला ३५, ५० शीटात २०० पत्रिका, १,७५०, आणि खडेबाजारातून दोन रुपयाची पिवळी पाकिटं, ४००. म्हणजे सुरुवातीलाच हे केलं असतं तर ४०० पत्रिका ४,३०० त झाल्या असत्या, हा हिशोब मी पप्पांना अजून सांगितलेला नाही, इथं वाचतील तर वाचतील. कोपऱ्यांना हळद-कुंकू मी आणि आत्तीने बसून लावलं. बाकीच्यांना मोबाईलवर पाठवली, तर निपाणीचे मामा उघडेनातच, म्हणाले पत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, येतं आणि खातं साफ होतं. बरोबरच आहे त्यांचं, फोटो किंवा पीडीएफ असेल तरच बघा, एपीके असेल तर सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलं असलं तरी हात लावू नका.

आणि एक. त्याने कागदावर कसं दिसतंय दाखवतो म्हणून माझं डिझाइन मागून घेतलेलं, मी पूर्ण फाइल पाठवली होती, पप्पांचं नाव, मोबाईल नंबर, घरचा पत्ता सगळं असलेली. परवा रात्री पप्पांच्या मोबाईलवर हुबळीच्या एका मुलीचा फोन आला. त्या पेजवर माझी पत्रिका लावलीय म्हणे, खाली लिहिलंय 'बेळगावचे खूश ग्राहक', त्यावरचा नंबर बघून तिने विचारायला फोन केला, माल चांगला आला काय म्हणून. तिने २,५९६ आधीच पाठवले होते.