१६५ सीसी रेसिंग क्लाससाठी जुनी आर१५ व्ही३: काय मिळतं, काय मोडतं

नवशिके आणि मुरलेले रायडर एकाच क्लासमध्ये पळवायचे, तर गाडी सगळ्यांना एकच हवी आणि मोडलेला पार्ट दुसऱ्या दिवशी हातात पडायला हवा. या दोन अटी लावल्या की यादी फारच आखूड होते. सेकंड हँड यामाहा आर१५ व्ही३ त्यात पहिली. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवरच्या (पूर्वीचा मद्रास मोटर रेस ट्रॅक) राष्ट्रीय स्पर्धेत १६५ सीसीपर्यंतच्या गाड्यांचे नोव्हिस (नवशिके), मुलींचा आणि प्रो-स्टॉक (अनुभवी) असे वर्ग होत आले आहेत, आणि त्यात आर१५ मुबलक दिसते. त्यामुळे फायबरचं रेस फेअरिंग (बाहेरचं आवरण), रिअरसेट (मागे-वर सरकवलेले फूटपेग), सेटिंग जाणणारा मेकॅनिक हे सगळं आयतं मिळतं. केटीएम आरसी २०० जास्त पळते, पण ती १६५ सीसीच्या मर्यादेत बसत नाही. सुझुकी जिक्सर एसएफ स्वस्त आहे, पण ताकदीत मागे पडते.

इंजिन १५५ सीसीचं, चार व्हॉल्व्हचं, लिक्विड कूल्ड. बीएस४ (जुन्या प्रदूषण-नियमांच्या) मॉडेलची ताकद १०,००० आरपीएमला १९.३ पीएस (हॉर्सपॉवर), नंतरच्या बीएस६ची १८.६. या फरकावर रायडर लोकांच्या ग्रुपवर फार वाद होतात. खरा फरक रायडरच्या वजनाचा आहे. १४२ किलोच्या गाडीवर ५५ किलोचा मुलगा बसला तर एकूण १९७, ८० किलोचा बसला तर २२२. म्हणजे तेवढ्याच ताकदीला पावणेतेरा टक्के जास्त ओझं. म्हणून किमान वजनाचा नियम नुसत्या गाडीला लावून उपयोग नाही. गाडी आणि रायडर, सूट-हेल्मेटसकट, एकत्र काट्यावर चढवावेत. कमी पडणारं वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरावं आणि त्या बोल्टनेच बसवाव्यात. टेपने चिकटवलेली पट्टी तिसऱ्या लॅपला ट्रॅकवर पडते, ती मागच्याच्या चाकाखाली जाते.

७,४०० आरपीएमला व्हीव्हीए (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) इनटेकचा मोठा कॅम लावतं. त्याच्या खाली इंजिन अगदीच गरीब. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) निवडताना हाच आकडा धरायचा: सगळ्यात संथ वळणातून बाहेर पडताना आरपीएमचा काटा त्याच्या वर राहिला पाहिजे. कार्टिंगच्या आखूड ट्रॅकवर मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दातांनी मोठं लागतं. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे जवळजवळ पावणेचार दात वाढवण्यासारखं, तेव्हा बारीक सेटिंग मागेच करावं.

नवशिके आणि अनुभवी हे दोन गट गाडीने नाही, बदलांच्या मुभेने वेगळे करावेत. नवशिक्यांना इंजिन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॉक्स, सायलेन्सर सगळं कंपनीचं. बदल फक्त टायर, ब्रेक पॅड, डॉट ४ ब्रेक ऑइल, फोर्क ऑइल आणि स्प्रॉकेटमध्ये. अनुभवींना ईसीयू आणि एक्झॉस्ट मोकळे. ईसीयूत लिमिटर (आरपीएमची कमाल मर्यादा) उचलला की स्टॉक व्हॉल्व्ह स्प्रिंग तेवढ्या आरपीएमला कॅमच्या मागे धावू शकत नाही, व्हॉल्व्ह तरंगतो आणि पिस्टनला भेटतो. नवशिक्याकडून वेगात चुकून खालचा गिअर पडला तरी हेच होतं. स्लिपर क्लच मागचं चाक सावरतो, इंजिन वाचवत नाही.

तयारीत आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, नंबर प्लेट, साडी गार्ड, साइड स्टँड हे सगळं उतरवायचं. बीएस६ला साइड स्टँडचा कट-ऑफ स्विच आहे. स्टँड काढून स्विच तसाच लोंबत ठेवला तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, आणि अर्धा दिवस बॅटरीवर संशय घेण्यात जातो. ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, फिल्टर कव्हरचे आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट भोक पाडून ०.८ मिमी स्टीलच्या तारेने बांधायचे. तारेचा ओढा बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच हवा. उलटा बांधला तर तार फक्त दिसायला. रेडिएटरमधलं कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, कारण ग्लायकॉल सांडलं की डांबर साबणासारखं होतं आणि ते वाळतही नाही. खालचं फेअरिंग बंद तळाचं हवं. इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर न येता त्यात साठलं पाहिजे.

उणी बाजू पुढच्या फोर्कची. रस्त्यावर ठीक, पण जोरात ब्रेक दाबला की नाक खाली बुडतं. जाड फोर्क ऑइल आणि थोडी प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवून बऱ्यापैकी सुधारतं. पुढच्या मॉडेलचा, व्ही४चा, यूएसडी (उलटा) फोर्क यात सरस आहे, पण ती गाडी अजून महाग. पडझडीत क्लिप-ऑन (हँडलचे दोन तुकडे), लिव्हर, फूटपेग जातात, ते स्वस्त. महागात पडतं ते डावं मॅग्नेटो कव्हर. डांबरावर घासून त्याला भोक पडतं आणि ऑइल गळतं. जाड कव्हर-गार्ड आधीच लावावा.

विकत घेताना पेंट बघत बसू नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फ्रेमवरचा स्टिअरिंग स्टॉपर (हँडल जिथे अडतं तो उंचवटा) बोटाने चाचपावा. एका बाजूचा चेपलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला असेल, तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. आर१५ची डेल्टाबॉक्स फ्रेम वाकली की सरळ करून ट्रॅकवर नेण्यात अर्थ नाही.

इन्शुरन्सचं आधीच सांगून ठेवावं: नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. आयोजकांनी वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढावा, आणि ॲम्ब्युलन्स रुग्ण घेऊन बाहेर गेली की ती परत येईपर्यंत ट्रॅक बंद ठेवावा.