अजिनोमोटोचे पाकीट की ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’चे?

झटपट नूडल्स, सूप किंवा तयार मसाल्याच्या पुड्या घरात येणारच असतील, तर निवड बहुतेक वेळा दोन प्रकारांत करावी लागते. एका पाकिटाच्या घटकांत ‘स्वादवर्धक (६२१)’ असे सरळ छापलेले असते. दुसऱ्यावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ असे ठळक अक्षरांत असते आणि मागच्या बाजूला बारीक टाइपात ६२७, ६३१ किंवा ६३५ हे क्रमांक, अनेकदा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट यांच्या जोडीने दिसतात.

६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (एमएसजी), आपल्याकडचे अजिनोमोटो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून त्याची चव देणारे ग्लुटामेट वेगळे काढले. पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही हेच ग्लुटामेट असते. त्याची धास्ती सुरू झाली ती १९६८ मध्ये, अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर होणाऱ्या त्रासाविषयी पत्र छापून आल्यावर. पुढच्याच वर्षी नवजात उंदरांच्या मेंदूला इजा झाल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पण ते द्रव्य त्यांना मोठ्या मात्रेत, कातडीखाली टोचून दिलेले होते, ही बाब सांगोवांगीत गळून गेली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनासाठी १९९५ मध्ये तयार झालेल्या अहवालाने, अन्नाशिवाय एकदम ३ ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही संवेदनशील व्यक्तींना डोकेदुखी, बधिरपणा किंवा धडधड असा तात्पुरता त्रास होऊ शकतो, एवढे मान्य केले. सुरक्षित मात्रेबाबत तज्ज्ञ संस्थांचे एकमत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये आकड्यात मर्यादा घालण्याची गरज मानली नाही, तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये वजनाच्या दर किलोमागे रोज ३० मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ ग्रॅम, ही मर्यादा सुचवली. मला हा दुसरा आकडा व्यवहारात अधिक उपयोगी वाटतो, कारण चायनीजच्या गाडीवर चमचा मोजून पडत नाही.

आता दुसरे पाकीट. वनस्पतिजन्य प्रथिनांचे विघटन केले की त्यातून ग्लुटामेटच मोकळे होते, आणि ६२७ व ६३१ ही द्रव्ये प्रामुख्याने त्याच ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी वाढवण्यासाठी घातली जातात. त्यामुळे ६२१ ने खरोखरच डोके दुखत असेल, तर हे पाकीट निवडून फार काही साधेल असे नाही. वरून घातलेले आणि घटकांतून आलेले ग्लुटामेट प्रयोगशाळेच्या चाचणीत वेगळे ओळखता येत नाही. २०१५ च्या मॅगी नूडल्स प्रकरणात शिशाच्या बरोबरीने लेबलवरचा ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ हा दावाही वादात सापडला होता. शिवाय ६२७, ६३१ आणि या दोहोंचे मिश्रण असलेले ६३५ यांचे शरीरात युरिक अ‍ॅसिड होते. त्यांची मात्रा अल्प असते आणि मांस-मासळीतून येणारा भाग कितीतरी मोठा असतो, तरीही संधिवाताचा गाऊट हा प्रकार असलेल्याने हे क्रमांक असलेली पाकिटे रोजच्या खाण्यात ठेवू नयेत, आणि पथ्याविषयी डॉक्टरांना विचारावे. शाकाहारी घरांनी हिरवा ठिपका पाहावा, कारण ही द्रव्ये मांस किंवा मासळीपासूनही बनवता येतात.

रक्तदाब असलेल्याच्या दृष्टीने मात्र या दोन पाकिटांतला खरा फरक सोडियमच्या ओळीत सापडतो. अजिनोमोटोत वजनाच्या सुमारे १२ टक्के सोडियम असते, मिठात ३९ टक्के. म्हणून ६२१ गाळून त्याजागी मीठ वाढवलेले पाकीट अधिक वाईट ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला २,००० मिलीग्रॅम सोडियमच्या आत राहावे. लेबलवर १०० ग्रॅममागे १,२०० लिहिलेले असेल, तर ७० ग्रॅमच्या पाकिटात ८४० झाले, आणि लोणचे-पापड अजून बाकीच आहेत.

तेव्हा निरोगी प्रौढाने ६२१ पाहून पाकीट परत ठेवण्याचे कारण नाही. ज्यात सोडियम कमी, ते घ्यावे. मसाल्याची पुडी अर्धीच वापरली तर मीठ आणि स्वादवर्धक दोन्ही निम्म्यावर येतात, हा उपाय कोणत्याही पाकिटाला लागू आहे. एक वर्षाखालच्या बाळाला यांतले कोणतेच देऊ नये.