तीन गाळे, एक थ्री-फेज जोडणी: एकेक फेज वाटायचा की तिन्ही फेज प्रत्येक गाळ्यात न्यायचे?

भिंतीला भिंत लागून तीन गाळे, मालक एक आणि महावितरणची थ्री-फेज (तीन जिवंत तारांची) जोडणीही एकच. भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक भागात हे नेहमीचं चित्र. वायरमन बहुतेकदा सोपा मार्ग सुचवतो: पहिल्या गाळ्याला लाल फेज, दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला निळा. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक गाळ्यात तिन्ही फेज, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) आणि अर्थिंग नेऊन स्वतंत्र थ्री-फेज डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड, बसवायचा.

गाळे वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देणार असाल, तर दोन्ही सोडा आणि मीटर वेगळे घ्या. मंजूर जागेबाहेर वीज वापरणं हा विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर आहे.

एकेक फेज वाटणं स्वस्त पडतं आणि दिवे, पंखे, संगणक एवढंच असेल तर पुरतंही. पण एका गाळ्यात 7.2 किलोवॉटची भट्टी आली की त्या एकाच फेजवर 30 अँपिअर येतात. त्याच भट्टीचे हीटर तिन्ही फेजवर सारखे वाटले, तर प्रत्येकावर 10.

खरा प्रश्न न्यूट्रलचा आहे. मेन बोर्डाकडे येणारा न्यूट्रल तुटला, तर दोन गाळ्यांतली उपकरणं दोन फेजमधल्या 415 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. एकीकडे 2000 वॉटचा हीटर, शेजारी 100 वॉटचे दिवे आणि तिसरा गाळा बंद असेल, तर दिव्यांवर सुमारे 395 व्होल्ट येतात. आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) यापासून वाचवत नाही, म्हणून व्होल्टेज वाढताच वीज तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले हवाच.

दुसऱ्या मार्गात हा धोका संपत नाही, उलट गाळ्यागणिक वाढतो, हे सहसा कोणी सांगत नाही. सिंगल-फेज गाळ्याकडे जाणारा न्यूट्रल तुटला तर तो गाळा फक्त बंद पडतो, अर्थात फेज जिवंतच असतो. थ्री-फेज गाळ्यात मात्र त्याच तुटण्याने आतली उपकरणं जळतात. म्हणून तिथे रिले प्रत्येक डीबीत बसवा, मोटरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं साधन) द्या आणि न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही टाकू देऊ नका.

पहिल्या मार्गाचा आजार वेगळा आहे, शेजारच्या गाळ्यातून उसना घेतलेला न्यूट्रल. आरसीसीबी गेलेला आणि परतलेला करंट ताडून पाहतो, त्यामुळे तो सारखा पडत राहतो आणि मग कोणीतरी वैतागून त्यालाच बायपास करतो. त्याहून वाईट म्हणजे, आपला मेन स्विच बंद करून काम करणाऱ्याच्या हातात शेजारच्या लोडचा न्यूट्रल सुटा झाला, तर ती काळी वायर झटका देते. भिंतीपलीकडून ओढलेला एक्स्टेंशन बोर्डही तसाच घातक, कारण दोन वेगळे फेज शेजारी येऊन हातभर अंतरावर 415 व्होल्ट येतात.

माझं मत स्पष्ट आहे. लेथ किंवा थ्री-फेज कॉम्प्रेसर येणार असेल, त्या गाळ्यात तिन्ही फेज न्या आणि उरलेल्यांत सिंगल फेजच ठेवा. केवळ पुढेमागे लागेल म्हणून सगळीकडे तिन्ही फेज खेळवू नका. त्यापेक्षा पाइप मोठा टाकून ठेवा, केबल नंतर ओढता येते.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. प्रत्येक गाळ्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन आणि सॉकेटना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मागा. पैसे चुकते करण्याआधी एकेका गाळ्याचा मेन बंद करून पाहा. त्या गाळ्यात काही चालू राहिलं किंवा शेजारी काही बंद पडलं, तर वायरिंग कुठेतरी मिसळली आहे.