स्मृती शिष्यवृत्ती सुरू करताय? आमचा 11 वर्षांचा अनुभव (कॉलेजातली ठेव 2 स्टार, वसतिगृहाची 4 स्टार)

नेटवर 'स्मृती शिष्यवृत्ती' टाकून बघा, फॉर्म कुठे भरायचा आणि शेवटची तारीख काय एवढंच मिळतं, पैसे देणाऱ्याच्या बाजूने कुणी काही लिहिलेलंच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आम्ही दोन ठिकाणी पैसे दिले, दोन ठिकाणी देता देता थांबलो. संस्थांची नावं घालणार नाही, एका ठिकाणची तक्रार आहे आणि दुसऱ्यांनी स्वतःच सांगितलंय की आमची जाहिरात नको.

2013 च्या नोव्हेंबरात माझा भाचा गेला. 19 वर्षांचा, डिप्लोमा मेकॅनिकल, सेकंड इयर. मोटरसायकल, रात्रीची वेळ, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. पोरगं पन्हाळा तालुक्यातनं रोज एसटीने कोल्हापूरला यायचं, पास काढून. (विद्यार्थ्यांच्या पासला 66.67 टक्के सवलत असते, उरलेलं आपण भरायचं, तेसुद्धा महिन्याच्या एक तारखेला घरात नसायचं कधीकधी.) अभ्यासात बेताचंच, मॅथ्स राहिलेलं, पण गल्लीतली कुठलीही पाण्याची मोटर बंद पडली की आधी त्यालाच हाक. डिप्लोमा झाला की डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, असं ठरवून दाजी दूध बिलातनं दर दहा दिवसाला थोडे थोडे बाजूला टाकत होते. ते पैसे तसेच राहिले. घरात कुणाला त्याला हात लावायचा धीर होईना, वर्षश्राद्धाच्या आधी अक्काच म्हणाली की त्याच्या कॉलेजात देऊया, त्याच्या नावाने कुणीतरी शिकेल.

तर 2014 ला कॉलेजात 51,000 रुपये दिले. इथपासून रिव्ह्यू सुरू.

ऑफिसात वागणूक चांगली होती, खोटं कशाला बोला. चहा दिला, प्रिन्सिपॉलसाहेब भेटले, हेडक्लार्कने एक छापील मजकूर पुढे केला, त्यात फक्त नाव आणि रक्कम भरायची होती. ठेवीच्या व्याजातून दरवर्षी 'प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास' रोख पारितोषिक. आम्ही त्या मनःस्थितीत काय वाचणार, सही करून मोकळे. एसटी स्टँडवर आल्यावर अक्काने कागद परत वाचला आणि मला विचारलं, "आमचा कधी पहिला आला होता रे?"

काय उत्तर देणार. ज्याच्या नावाची शिष्यवृत्ती त्यालाच ती मिळाली नसती. 58 टक्के आणि एक केटी (राहिलेला विषय). हा प्रश्न तेव्हा मी टाळला, म्हटलं सगळीकडे असंच असतं, पण 11 वर्षं झाली, अजून तोच प्रश्न डोक्यात आहे आणि खरं तर हा सगळा रिव्ह्यू त्या एका प्रश्नाचा आहे.

आता हिशोब सांगतो. 2014 ला बँकेत एफडीला 9 टक्क्यांच्या आसपास मिळत होते, म्हणजे वर्षाला 4,590. बरे वाटले. 2020 मध्ये मोठ्या बँकांचे लांब मुदतीचे दर 5.4 पर्यंत आले, त्याच 51,000 वर 2,754 रुपये. इकडे मेसचं बिल, परीक्षा फी, वह्या सगळं वर गेलं आणि बक्षीस खाली आलं. 'कायम ठेव' या शब्दात कायम फक्त मुद्दल असते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ठेव करायचीच असेल तर व्याजातला थोडा भाग दरवर्षी मुद्दलात टाकायचा अशी अट सुरुवातीलाच लिहून घ्या, नाहीतर पंधरा वर्षांनी बक्षिसाचा फक्त पेढ्यांचा बॉक्स येईल.

दुसरी चूक पावतीची. आमच्या पावतीवर नुसतं 'देणगी' लिहिलंय. कायम निधी, कॉर्पस असा शब्दच नाही. नुसती देणगी असली की ती चालू खर्चात गेली तरी तुम्ही काय बोलणार? पैसे देताना स्वतःच्या सहीचं पत्र द्यायचं, ही रक्कम कायम निधी म्हणून आहे, फक्त व्याज वापरायचं, आणि त्या पत्राच्या झेरॉक्सवर संस्थेचा शिक्का घ्यायचा. आमचं नशीब, हेडक्लार्क सरळ माणूस होता, त्याने एफडी वेगळी केली. पण तो रिटायर झाला आणि पुढच्या माणसाला ती फाइल सापडायला दोन महिने लागले.

कार्यक्रमाला एकदाच गेलो, अक्का, दाजी आणि मी. पुढच्या रांगेत बसवलं, नारळ दिला. पहिला आलेला मुलगा चांगल्या घरचा, हुशार, नम्र, त्याचा काही दोष नाही. पण त्याने चेक वठवलाच नाही. तीन महिन्यांत चेक बाद होतो, पैसे परत खात्यात. त्याला गरजच नव्हती हो! आणि स्मरणिकेत आमच्या पोराचं आडनाव चुकलेलं. कोविडच्या दोन वर्षांत तर बक्षीस समारंभच नाही, पारितोषिकही नाही, व्याजाचं काय झालं विचारलं तर 'जमा आहे'. असेल.

म्हणून दोन स्टार. एक चहाचा, एक त्या हेडक्लार्कचा.

मधे 2019 ला डोक्यात आलं की आपलाच ट्रस्ट काढू. दाजींच्या भावाने हात पुढे केला, मी थोडे घातले, सगळे मिळून तीन लाख होत होते. सीएकडे गेलो. त्याने आधी डीडचा (ट्रस्टच्या दस्ताचा) खर्च सांगितला, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदणी, मग इन्कम टॅक्सचं 12ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80जी (देणगी देणाऱ्याला करसवलत), मग दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. एखादा विश्वस्त वारला तरी चेंज रिपोर्ट. मग म्हणाला, "मामा, तीन लाखाचं व्याज माझ्या फीतच जाईल. ट्रस्ट पैशावर चालत नाही, माणसावर चालतो, तुमच्या घरात पुढची वीस वर्षं कागद सांभाळणारं कोण आहे?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा सीए पहिल्यांदाच बघितला, त्याला पाच स्टार, फीसुद्धा घेतली नाही. ज्यांच्याकडे वीस-पंचवीस लाख आणि एखादा रिटायर झालेला चिवट माणूस आहे त्यांनी ट्रस्टचा विचार जरूर करा, बाकीच्यांनी नको.

त्याच सुमारास एका पतसंस्थेचा माणूस मागे लागला, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देतो म्हणून. मोह झाला होता. पण बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचा) विमा असतो, फेब्रुवारी 2020 पासून तो एक लाखाचा पाच लाख झाला, पतसंस्थेला तो विमाच नाही. स्वतःचे पैसे असते तर एखादवेळी टाकलेही असते. हे पैसे बुडाले असते तर अक्काला काय तोंड दाखवलं असतं?

आता वसतिगृहाचं. त्याआधी एक जुनी गोष्ट, कारण मला अक्कल तिथनं आली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली, हेही माहीत असतं. पण प्रिन्स शिवाजी बोर्डिंग हे नाव मी आयुष्यभर बसच्या खिडकीतनं, बोर्डावर, लोकांच्या तोंडी ऐकत आलो आणि हा प्रिन्स शिवाजी कोण हे कधी विचारलंच नव्हतं. ते महाराजांचे धाकटे चिरंजीव. 1918 मध्ये शिकारीत अपघात होऊन गेले, वय 19. आमच्या पोराएवढंच. दोन वर्षांत, 1920 ला, महाराजांनी त्यांच्या नावाने फ्री मराठा बोर्डिंग काढलं, खेड्यातनं आलेल्या पोरांच्या राहण्याजेवणाची सोय. मागे राहिलेल्या तरुण सुनेला, इंदुमतीदेवींना, लोकांचा विरोध असताना शिकवायला घेतलं. महाराज स्वतः 1922 ला गेले, बोर्डिंगची संस्था मात्र आजही आहे, कोल्हापुरातलं न्यू कॉलेज त्या संस्थेचंच.

राजाच तो, त्याला पदक काढणं काय अवघड होतं? सोन्याचं काढलं असतं, दरबारात दिलं असतं. त्याने पोरांना जेवायला घातलं. तिकडे अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठसुद्धा असंच निघालंय, 15 वर्षांचा मुलगा 1884 ला टायफॉइडने गेला म्हणून आईबापाने काढलं, अधिकृत नावात अजून त्या पोराचं 'ज्युनियर' आहे. आपली ऐपत तीन लाखाची, पण हिशोब तोच ना, की पोरगं ज्या अडचणीत होतं ती अडचण बघायची.

तर 2021 ला एका जुन्या वसतिगृहाकडे गेलो. त्यांच्याकडे 'नावाने शिष्यवृत्ती' अशी सोय आहे. दोन पर्याय देतात, एकतर निधी ठेवा आणि व्याजातून चालवा, नाहीतर दरवर्षी ठरलेली रक्कम द्या आणि ती त्याच वर्षी खर्च होऊ दे. आम्ही दीड लाख निधीत ठेवले आणि वरनं दरवर्षी घरातली चार माणसं मिळून 20,000 घालतो. हा मधला मार्ग मी सगळ्यांना सुचवेन, दरवर्षी पैसे काढताना पोराची आठवण निघते, चार शब्द बोलले जातात, एकदा ठेव करून टाकली की ते बंद होतं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे नियम आम्हाला लिहायला दिले. पहिल्या क्रमांकाची अट नाही. केटी चालेल. हजेरी पाहिजे. घर कोल्हापूर शहराबाहेर पाहिजे. सरकारी शिष्यवृत्ती मिळत असली तरी चालेल, कारण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर निम्मी ट्यूशन फी सुटते, पण मेस, खोली, ड्राफ्टर (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या रेघा मारायचं साधन), शीट कंटेनर, अ‍ॅप्रन यातलं काही त्यात बसत नाही आणि पोरं अडतात ती तिथेच. पैसे जुलै-ऑगस्टमध्ये निघतात, मेसच्या खात्यात थेट. जानेवारीत गॅदरिंगला मिळालेल्या पाकिटाचा, ऑगस्टमध्ये कॉलेज सोडलेल्या पोराला काय उपयोग? अर्ज एक पानाचा, मराठीत, आणि त्यांचा एक माणूस अर्ज केलेल्याच्या घरी जाऊन येतो. दरवर्षी मे महिन्यात हिशोबाचं पत्र येतं, कुणावर किती, कशासाठी. 80जी ची पावती वेळेवर. (जुन्या टॅक्स पद्धतीतच निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि दोन हजारांवर रोख दिली तर तीही नाही, चेकच द्या.)

एक स्टार कापला तो फोटोमुळे. पहिल्या वर्षी मिळालेल्या दोन्ही पोरांना आमच्या पोराच्या हार घातलेल्या फोटोशेजारी हात जोडून उभं केलं, फोटो काढला, वर आभाराचं पत्र लिहून घेतलं, दोघांचा मजकूर शब्द न् शब्द सारखा. अक्का तिथल्या तिथे उठली आणि रेक्टरना म्हणाली, "सर, ही पोरं आमची देणेकरी नाहीत." रेक्टर वरमले, पुढच्या वर्षीपासून बंद केलं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फोटो अजून दर दिवाळीला फिरतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना असले फोटो बरे वाटतात असं संस्थांना का वाटतं कळत नाही. काहींना वाटतही असतील म्हणा.

कॉलेजातली ठेव मोडता येत नाही, ती चालूच आहे. मागल्या वर्षी मी अर्ज केला होता की प्रथम क्रमांकाऐवजी 'गरजू विद्यार्थी' करा, बैठकीत ठेवतो म्हणाले. आमच्या सहीने झालेली अट बदलायलाही त्यांचा ठराव लागतो, म्हणून परत सांगतो, पहिल्या दिवशी कागद नीट वाचा, रडून झाल्यावर वाचा, आठवडा थांबा, कुठली संस्था पळून जात नाही.

अजून एक. पोराच्या तेराव्याला एक मुलगा आला होता, फर्स्ट इयरचा, हातात ड्राफ्टर. म्हणाला, दादाने मला वापरायला दिला होता, परत द्यायला आलोय. त्यावर कुणा आधीच्या सीनियरची अक्षरं कोरलेली होती, म्हणजे आमच्यानेही तो कुणाकडून तरी घेतलेलाच. अक्काने तो ठेवून घेतला नाही, तूच वापर आणि पुढे दे म्हणाली. आता वसतिगृहाच्या ऑफिसात आम्ही आठ ड्राफ्टर ठेवलेत, त्याला ना फॉर्म ना पावती, वहीत नाव लिहायचं आणि सेमिस्टर संपलं की परत आणायचं. गेल्या वर्षी त्यातले दोन परत आले नाहीत. रेक्टर म्हणाले डिपॉझिट घेऊया का, अक्का नको म्हणाली. यंदा दहा घेतोय, कोल्हापुरात होलसेलमध्ये चांगले कुठे मिळतात कुणाला माहीत असेल तर खाली सांगा, मागच्या लॉटचे स्क्रू ढिले निघाले.